तालुक्यातल्या इतिहास शिक्षकांसाठी एक दिवस हातात आहे, काय घ्यावं?

माणदेशी_मास्तर

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या तालुक्यातल्या माध्यमिक शाळांच्या इतिहास शिक्षकांचं एक दिवसाचं शिबिर ठरलंय आणि ते पार पाडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तीस-पस्तीस जण येतील. वेळ साडेदहा ते चार. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, मान्यवरांची मनोगतं आणि जेवण वजा केलं तर हातात राहतात तीन तास. प्रोजेक्टर आहे, लाइटचा भरवसा नाही. पैसे चहा, जेवण आणि झेरॉक्सपुरते. मोठा वक्ता आणायला पैसे नाहीत, आणि खरं सांगायचं तर आणायचाही नाही. दोन तास ऐकून, टाळ्या वाजवून आम्ही घरी जाणार, हे ठरलेलं असतं.

प्रश्न एवढाच: या तीन तासांत काय घ्यावं, की माणूस सोमवारी वर्गात गेल्यावर काहीतरी वेगळं करून बघेल?

मी आठवी ते दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवतो. वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण झालंय, ऑनलाइन कोर्सेसची प्रमाणपत्रं फाइलीत लावलेली आहेत. अध्ययन निष्पत्ती, सर्वंकष मूल्यमापन, ताणतणावाचं व्यवस्थापन, ॲप कसं वापरायचं, सगळं ऐकून झालं. त्यातलं वाईट काही नाही. पण या सगळ्यात 'इतिहास' कुठे होता म्हणाल, तर हजेरीपत्रकावर 'विषय' या रकान्यात. गणितवाल्यांना निदान भूमितीची किट तरी मिळतात.

दहावीचं पुस्तक २०१८ साली बदललं. पहिलाच पाठ इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा: देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स आणि वर मायकेल फुको. आमच्या स्टाफरूममध्ये फुकोचं नाव ऐकून ज्यांनी डोक्याला हात लावला ते सगळे एम.ए. इतिहास आहेत. मग काय झालं? रांके म्हणतो मूळ कागद बघा, खात्री करून घ्या. आणि आम्ही तो रांके शिकवला 'चुकीची जोडी ओळखा'मध्ये. पाठ आहे पुरावा कसा तपासावा याचा, आणि तो पाठ करून घेतला जातो.

दुसरीकडे आठवी-नववीची पोरं मोबाइल घेऊन येतात. "सर, हे रील बघा, पुस्तकात खोटं लिहिलंय." यावर आपल्याकडे तयार उत्तर असतं: "पुस्तकात आहे तेच लिही, मार्क त्यालाच आहेत." मला हे उत्तर मोडून काढायचंय. पण शिक्षकाच्या हातात त्याऐवजी काय द्यायचं, ते सुचवा.

'इतिहास रंजक कसा करावा' हा विषय कृपया नको. पोवाडा आणि वेशभूषा आमच्याकडे भरपूर आहे.

—

जुना_कागद

मास्तर, प्रश्न आवडला. मी निवृत्त आहे, पुण्यात असतो, वेळ भरपूर आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

कागदच हातात द्या. मोडी वाचायला लावू नका, तीन तासांत मोडी येत नाही आणि माणसं बिचकतात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८चा, त्यात पानिपतापर्यंतची पत्रं आहेत, छापलेली, बाळबोधीत म्हणजे देवनागरीत. त्यातली दोन-तीन पत्रं झेरॉक्स करा आणि पहिला तास फक्त तारखेवर घालवा. हो, तारखेवर.

जुन्या कागदात साल अंकात नसतं, अरबी शब्दांत असतं. 'इहिदे सितैन मया व अलफ' असं लिहिलेलं आढळलं समजा. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा शुहूर सन. यात ५९९ मिळवले की १७६० येतं. पण शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, तेव्हा जानेवारीपासून मृगापर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवायचे. पानिपतची शेवटची लढाई १४ जानेवारी १७६१ची. ११६१मध्ये ६०० मिळवा, बरोबर बसतं. तुमच्याकडच्या शिक्षकांना मृग कधी लागतो हे शिकवायची गरज नाही, निम्मे जण शेती करत असतील. वर्ष मृगापासून का धरायचे, हा प्रश्न त्यांनाच टाका. सारा, पेरणी, खरीप, उत्तर त्यांच्याकडूनच येईल.

शकाचंही तेच. राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ महिन्यात; ७८ मिळवले की १६७४. पण फाल्गुन असेल तर ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी साल उलटलेलं असतं.

याचा फायदा काय? सन-सनावळीला नाव ठेवणारी माणसं एकदा स्वतः साल काढायला बसली की गप्प होतात आणि आकडेमोड करू लागतात. एका शिबिरात मी हे घेतलं होतं. दोन गुरुजी ५९९ की ६००, यावर चहा थंड होईस्तोवर भांडले. इतिहासाच्या शिक्षकांना पगारवाढ सोडून दुसऱ्या आकड्यावर भांडताना मी प्रथमच पाहिलं.

दुसऱ्या तासाला एकच वाक्य घ्या. पानिपतच्या पराभवाची बातमी देणारं 'दोन मोत्ये गळाली', पुढे मोहरा आणि खुर्दा, सगळ्यांना तोंडपाठ असतं. विचारा: हे कुणी लिहिलं? कुणाला? पेशव्यांना कळवण्यासाठी लिहिलं होतं का? तर नाही, ती सावकारी चिठ्ठी होती, पेढीच्या भाषेत, आणि ती पेशव्यांच्या हाती लागली. सावकाराला पराभवाची बातमी एवढ्या घाईने का हवी असेल? इथून पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

—

शिल्पा_पारनेर

जुना_कागद, वाचनखूण साठवली आहे. पण मास्तर, कागदाच्या आधी दगड बघा असं मी सुचवेन.

मी जिल्हा परिषद शाळेत आहे, सहावी-सातवी. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला एकदा पाऊण तास मिळाला होता. मी सगळ्यांना शाळेमागच्या मारुतीच्या देवळापाशी नेलं. तिथे दोन वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, पडलेत. एकाला शेंदूर फासलेला आहे, दुसऱ्यावर बायका नारळ फोडतात. सगळे रोज त्याच्यापुढे गाडी लावतात.

नियम एकच ठेवला होता: जे माहीत आहे ते बोलायचं नाही, जे दिसतंय ते बोलायचं. पहिलं वाक्य आलं "हा शिवकालीन आहे". दिसतंय का तसं? नाही. मग हळूहळू सुरू झालं. खालच्या चौकटीत एक जण आडवा पडलाय. त्याच्या वर दोघे तलवारी घेऊन. बाजूला गायी आहेत की काय? एका बाईंनी शिंगं दाखवली. त्याच्या वरच्या चौकटीत दोन बायका एका पुरुषाला घेऊन चालल्यात. सगळ्यात वर पिंड आणि हात जोडून बसलेला माणूस. टोकाला चंद्र-सूर्य. खालून वर वाचायचं असतं हे त्यांचं त्यांनाच उमगलं. गायी पळवायला आलेल्यांशी लढताना गेलेला माणूस असावा, अप्सरा त्याला नेतायत, तो कैलासाला पोचला, आणि चंद्र-सूर्य असेतो त्याचं नाव राहो. नाव मात्र कुठेच कोरलेलं नाही! यावर एक सर जे म्हणाले ते मी वहीत लिहून ठेवलंय: "म्हणजे आपल्या गावातला सगळ्यात जुना माणूस कोण, हे आपल्याला माहीत आहे, फक्त नाव माहीत नाही."

बहुतेक वीरगळ यादव-शिलाहारांच्या काळाच्या आगेमागचे असतात, पण कोरीव लेख नसेल तर एकेका दगडाचं साल सांगायच्या भानगडीत पडू नये. 'सांगता येत नाही' हे उत्तर शिक्षकाच्या तोंडून मुलांना ऐकू येणं हे माझ्या मते अर्धं प्रशिक्षण आहे.

दोन सूचना. शेंदूर खरवडू नका, तो लोकांचा देव आहे, आधी पुजाऱ्याला किंवा सरपंचांना विचारा. आणि कोरीव काम नीट दिसावं म्हणून खडू किंवा चुना चोळू नका. सकाळचं तिरपं ऊन पुरतं, नाहीतर मोबाइलची बॅटरी बाजूने धरा.

—

रांजणखळगे

नेहमीप्रमाणे भूगोलवाल्यांना कुणी विचारलेलं नाही. :) शाळेत इतिहास आणि भूगोल एकाच माणसाकडे असतात, शिबिरं मात्र वेगळी. पानिपत घेणारच असाल तर नकाशा समोर ठेवून यमुना दाखवा. अब्दाली कुठून उतरला, भाऊंची रसद कुठून तुटली हे नदी न दाखवता कसं कळणार? एवढं बोलून खाली बसतो.

—

डबल_ड्यूटी

सगळं छान आहे, पण कुणीतरी पाणी टाकायला हवं, म्हणून मी.

मास्तर, तुमच्याकडे येणाऱ्या तीस-पस्तिसांत इतिहासाचे पदवीधर किती? आमच्या तालुक्यात तरी इतिहास हा 'तासिका उरल्या म्हणून' दिलेला विषय असतो. मी स्वतः बी.एस्सी., मला सातवीचा इतिहास पाच वर्षं आहे. शिवाय बी.एल.ओ.चं (मतदार यादीचं) काम आणि शिष्यवृत्तीचे वर्ग. मला फुको नको, शुहूर सनही नको. मला उद्याच्या पाठाला काय करू ते सांगा. आणि शिबिरात पहिला प्रश्न हाच येईल की "हे परीक्षेला येतं का?" त्याचं उत्तर तयार ठेवा, नाहीतर साडेअकरालाच लोक मोबाइल काढतील.

दुसरं म्हणजे पत्र. शिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्रात 'सदर कालावधी कर्तव्यकाळ समजण्यात यावा' ही ओळ आहे का बघा. नसेल तर मुख्याध्यापक सोडणार नाहीत, किंवा सोडले तरी किरकोळ रजा जाईल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलंय. हे तास त्यात धरणार का, तेही आधी लेखी विचारून घ्या. लोक हसतील, पण उपस्थिती त्यावरच ठरते.

—

माणदेशी_मास्तर

सर्वांचे आभार. डबल_ड्यूटी, तुमचं पाणी गरजेचं होतं. पत्राचं काम उद्याच करतो.

"परीक्षेला येतं का" याला माझं उत्तर: दहावीच्या पेपरात उताऱ्यावरचे प्रश्न असतात, आणि मुलं तिथे उतारा न वाचता पाठ केलेलं लिहितात. न पाहिलेला मजकूर वाचून त्यातून उत्तर काढायची सवय ही सरळसरळ मार्कांची गोष्ट आहे. बी.एस्सी.वाल्याला तर हे लवकर पटायला हवं. निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर, हे तुमच्याच प्रयोगवहीतलं आहे ना?

शिल्पाताई, आमच्या शाळेजवळ वीरगळ नाही, शिखर शिंगणापूरला न्यायला वेळ नाही. पण तुमचा 'दिसतंय तेवढंच बोला' हा नियम मी उचलतोय. त्यावरून एक सुचलं. प्रत्येक शाळेत एक जुना कागद असतोच: जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या दाखल्यांची नोंदवही. शिबिर ज्या शाळेत आहे तिथलं जुनं रजिस्टर मी मुख्याध्यापकांच्या परवानगीने चाळून आलो. कापडी बांधणी, टाकाची शाई, काही पानं वाळवीने खाल्लेली. तीस-चाळीस वर्षं ते फक्त दाखल्याची दुय्यम प्रत काढायला उघडलं गेलंय.

त्यात काय दिसलं ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे जन्मतारखा. एक जून, एक जून, एक जून. पानभर एक जून. शिक्षकांना याचं कारण माहीत असतं: गुरुजी दारोदार फिरून पोरं गोळा करायचे आणि शाळा सुरू होताना वय बसेल अशी तारीख टाकायचे. आता याच कागदावर माणसाची नोकरी लागली, याच तारखेला तो निवृत्त झाला. सरकारी, सही-शिक्क्याचा, अस्सल कागद, आणि तारीख बनावट! अस्सल कागदही खोटं बोलू शकतो, हे समजवायला मला रांकेची गरज उरत नाही. मग तो कागद निरुपयोगी का? तर तेही नाही. त्यातून जन्म कधी झाला ते कळत नाही, पण शाळेत मूल कसं आणलं जायचं ते कळतं. रील घेऊन येणाऱ्या पोरालाही हेच विचारायचं: हे कुणी बनवलं, केव्हा, कशासाठी, आणि यातून नक्की काय कळतं?

दुसरी गोष्ट शेवटच्या रकान्यात, 'शाळा सोडण्याचे कारण'. १९७२-७३च्या पानांवर 'परगावी गेले' आणि 'सतत गैरहजर' ओळीने आहे. आमच्याकडे बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. नववीच्या पुस्तकात १९६१नंतरचा भारत आहे. मुलांच्या आज्या त्या वर्षी खडी फोडायला, बांधबंदिस्तीला, पाझर तलावाच्या कामावर होत्या. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला तो १९७७ साली. रोजगार हमीचे जनक म्हणून वि. स. पाग्यांचं नाव मुलांना पाठ असतं, पण आपल्या आजीचा त्याच्याशी संबंध आहे हे ठाऊक नसतं.

तर तिसऱ्या तासाला आजीची मुलाखत कशी घ्यायची ते घ्यावं असं डोक्यात आहे. यावर कुणाचा अनुभव?

—

शिल्पा_पारनेर

रजिस्टरची कल्पना फारच भारी! पण सांभाळून. त्यात जातीचा रकाना आहे, पालकाचा धंदा आहे, आणि ज्यांची नावं आहेत ती माणसं गावात जिवंत आहेत. झेरॉक्स काढताना नाव आणि जात झाकून काढा. शिबिरात फोटो काढायला सरळ मनाई करा, नाहीतर संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर कुणाच्या तरी आजोबांचं पान फिरत असेल.

मुलाखतीबद्दल: मुलांना मोकळं सोडलं की ती विचारतात "आजी, दुष्काळात तुम्हाला कसं वाटलं?" आजी म्हणते "वाईट वाटलं बाबा." संपली मुलाखत. प्रश्न वस्तूंना धरून हवेत. कामावर जाताना भाकरी कशाची होती? (मिलोचं, म्हणजे तेव्हा परदेशातून आलेल्या लाल ज्वारीचं, नाव इथे येतं, आणि चेहऱ्यावर जो भाव येतो तोही लिहून घ्या.) सुकडी (दुष्काळात वाटायचे तो कोरडा खाऊ) कुणाला मिळायची, ती कशात घेऊन यायचात? लहान मूल कामावर कुठे ठेवायचात? हजेरी कोण मांडायचं, पैसे कुणाच्या हातात पडायचे? जनावरांचं काय केलं?

साल विचारू नका. आजी सांगेल "तुझा बाप पोटात होता". ते तसंच लिहा, साल मागून काढता येतं. अर्थात बापाची जन्मतारीख रजिस्टरात एक जून असेल तर पुन्हा पंचाईत, पण ती पंचाईतच तर शिकवायची आहे!

शिक्षकांनी आधी एकमेकांची पाच मिनिटं मुलाखत घ्यावी, 'तुमच्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस' यावर. बोलणारा कुठे अडतो, कुठे सजवून सांगतो, हे स्वतः अनुभवल्याशिवाय कळत नाही.

—

इतिहासप्रेमी_सांगली

मला वाटतं लोकांना खिळवून ठेवायचं तर शिवजन्माच्या तारखेचा वाद घ्या. नंतरच्या बखरीत शके १५४९, शिवकाळाजवळच्या जेधे शकावलीत आणि शिवभारतात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया. साधनांची तुलना करायला याहून चांगलं उदाहरण नाही.

—

जुना_कागद

उदाहरण उत्तम आहे, कबूल. समकालाच्या जवळचं साधन आणि फार नंतरचं साधन यांचं वजन सारखं धरत नाहीत हे त्यात लख्ख दिसतं. राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० मानली ती त्या साधनांवरच. पण मास्तरांना तीनच तास आहेत. तारखेने की तिथीने, हा प्रश्न एकदा निघाला की जेवणाची सुट्टीही त्यातच जाईल. दुसऱ्या शिबिराला ठेवा.

मास्तर, रजिस्टर आधी आणि पानिपत नंतर असा क्रम करा. मी उलटं सांगितलं होतं, पण तुमचं बरोबर आहे: ओळखीच्या कागदावर हात बसला की अनोळखी कागदाची भीती राहत नाही. डबल_ड्यूटींसारखे लोक रजिस्टरवर तर तज्ज्ञ असतात, रोज तेच भरत असतात.

पुढे कुणाला गोडी लागली तर सांगा की पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून आहे, आणि दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिक्षकांसाठी निवासी शिबिरं असतात. जुनी जिल्हा गॅझेटियर्स नेटवर फुकट आहेत. तुमच्या साताऱ्याचं १८८५चं आहे, त्यात माण तालुक्यावर मजकूर सापडेल. इंग्रजी साहेबाने लिहिलंय हे ध्यानात ठेवून वाचायचं, बाकी पीकपाणी, बाजार, जत्रा सगळं आहे.

—

माणदेशी_मास्तर

ठरलं. पहिला तास रजिस्टर, दुसरा पानिपतची पत्रं आणि नकाशा (रांजणखळगे, तुमच्या मानासाठी), तिसरा मुलाखत. भाषण शून्य. सत्काराची शाल-श्रीफळं मात्र टळली नाहीत, साहेबांचा फोन आला होता.

जुना_कागद, अरबी अंकांचा तक्ता टाकाल का? एका पानात बसेल असा.

—

जुना_कागद

घ्या.

एक ते नऊ: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा.
दहा ते नव्वद: अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन.
शंभर मया, दोनशे मयातैन, हजार अलफ.

कागदात आधी एकं, मग दहं, मग शेकडा आणि हजार असा उलटा क्रम असतो, ते वर मोठ्या अक्षरात लिहा. लेखनात थोडा फरक आढळतो, सीतचं सित्त होतं, गडबडून जाऊ नये. आणि झेरॉक्स काढताना वरच्या दोन ओळींत भरपूर जागा सोडा. अर्बा आणि अर्बैन, सबा आणि सबैन खालीवर आले की चाळिशी लावलेली माणसं हमखास घसरतात.